टपालाने आलेले बेअर-रूट गुलाब आणि त्यांना थंडीतून वाचवणारी (व न वाचवणारी) पांघरुणं

टपालाने मागवलेल्या बेअर-रूट, म्हणजे उघड्या मुळांच्या, गुलाबांचे आणि त्यांच्या पांघरुणांचे गुण आधी सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं सगळं वाचायला नको. नर्सरीच्या रोपांना पाचपैकी पाच. पॅकिंगला साडेचार. पाठवण्याच्या वेळापत्रकाला दोन, तेसुद्धा फोनवरच्या बाई गोड बोलल्या म्हणून. जाड फ्लीसला (म्हणजे झाडं झाकायच्या हलक्या पांढऱ्या कापडाला) चार, पातळ फ्लीसला दोन. दोरी ओढून बंद करायच्या तयार फ्लीस-पिशव्यांना शून्य. गोणपाटाला साडेतीन. आणि बागेतल्या मातीला, जिचा एक पैसा पडला नाही, पैकीच्या पैकी.

आम्ही राहतो स्कॉटलंडमधल्या बँकोरीला. ॲबर्डीनपासून अठराएक मैल आत, डी नदीच्या खोऱ्यात. समुद्रकाठच्या ॲबर्डीनात आमच्यापेक्षा थंडी सौम्य असते. आमच्याकडे निरभ्र, वारा पडलेल्या रात्री डोंगरावरची जड थंड हवा उतारावरून घरंगळत खोऱ्यात येऊन बसते. याच रस्त्याने आणखी वर गेलं की ब्रेमार लागतं. तिथे १८९५ च्या फेब्रुवारीत आणि पुन्हा १९८२ च्या जानेवारीत उणे २७.२ अंशांची नोंद झालेली आहे, आणि ब्रिटनमध्ये त्याखाली पारा गेल्याची नोंद नाही. आमच्याकडे इतकं होत नाही, पण उणे आठ-दहा ही काही बातमी नसते. डिसेंबरात पावणेनऊच्या सुमारास उजाडतं आणि साडेतीनला दिवस मावळतो. म्हणजे नोकरी करणाऱ्या माणसाने झाड लावायचं ते शनिवार-रविवारी, आणि त्या दिवशी जमीन दगड झालेली नसेल तरच.

हे सगळं सांगायचं कारण, लंडन किंवा स्लाऊच्या मंडळींनी माझे गुण जसेच्या तसे घेऊ नयेत. तिकडे फ्लीस न घेताही बहुतेक हिवाळे निभतील.

मी मूळची निफाड तालुक्यातली, पिंपळगावकडची. घरी द्राक्षबाग. त्यामुळे थंडीत बाग सांभाळणं म्हणजे काय ते मला इथे येऊन शिकायचं नव्हतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा चार-पाचवर आला की दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत ‘निफाड गारठले’ येतं आणि बागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटतात, ठिबक चालू होतं, मणी तडकू नयेत म्हणून. फरक इतकाच, की तिथे झाड जमिनीत उभं असतं आणि फळाची काळजी असते. इथे झाडच उघडं, मुळं बाहेर, आणि जमीन गोठलेली.

ज्यांनी असे गुलाब पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडं. आपल्याकडे गुलाब घ्यायचा तो पिशवीतला, हुंडीसकट, म्हणजे मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट. हुंडी फुटली की रोप गेलं, हे लहानपणापासून ऐकलेलं. इथे नर्सरीवाले जंगली गुलाबाचे खुंट शेतात ओळीने लावतात. ब्रिटनमध्ये बहुतेक वेळा हा खुंट ‘लाक्सा’ नावाचा असतो. उन्हाळ्यात त्याच्या सालीत हव्या त्या जातीचा डोळा, म्हणजे कोंब, भरतात. हिवाळा सरता सरता डोळ्याच्या वरचा खुंट छाटून टाकतात. मग वर्षभर नुसता तो डोळाच वाढतो. पुढच्या हिवाळ्याच्या तोंडी झाड झोपी गेलं की मुळासकट उपटायचं, माती झटकायची आणि पार्सल करायचं. हातात येतं ते तीन-चार हिरव्या काड्या आणि खाली दाढीसारखी मुळं. माझ्या सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर पाहून विचारलं होतं, ‘पैसे देऊन सरपण मागवलंस का गं?’

पण हा सौदा फायद्याचा असतो. मी मागवले तेव्हा कुंडीतला गुलाब तीस पौंडांच्या आसपास जायचा, तोच असा घेतला तर पंधरा ते वीसमध्ये यायचा. जाती कितीतरी जास्त मिळतात. शिवाय मुळं कुंडीत गोल गोल फिरून अडकलेली नसतात, म्हणून जमिनीत गेल्यावर झाड पटकन बस्तान बसवतं. अट एकच. शेतातून उपटल्यापासून तुमच्या खड्ड्यात पडेपर्यंत मुळं सुकता कामा नयेत आणि गोठता कामा नयेत. फांद्या भरपूर थंडी सोसतात, त्यांचं आयुष्यच हवेत गेलेलं असतं. मुळांचं तसं नाही. जमिनीत वीतभर खाली तापमान हवेसारखं खालीवर होत नाही, त्यामुळे मुळांना ती सवय नसते. ज्या रात्री फांदीला काही होत नाही, त्याच रात्री उघडं मूळ काळं पडून मऊ होतं. आणि हे पार्सल येतं कधी, तर नोव्हेंबर ते मार्च.

मी मागवले तीन. नर्सरीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारही आहे आणि तशी तक्रार इथल्या कुठल्याही नर्सरीबद्दल निघू शकते. पहिला ‘सिल्व्हर ज्युबिली’. हा आमच्याच गावचा म्हणायचा. ॲबर्डीनच्या कॉकर घराण्यातल्या ॲलेक कॉकर यांनी तयार केलेला, राणीच्या राज्यारोहणाच्या पंचविशीवरून नाव दिलेला, १९७८ मध्ये बाजारात आलेला. गुलाबी, त्यात पिकल्या पीचची झाक. दुसरा डेव्हिड ऑस्टिन यांचा ‘ग्रॅहॅम थॉमस’, १९८३ चा, गडद पिवळा. तिसरा ‘रोझरे द ले’, जांभळट लाल, वासाला वेडं करणारा, रुगोसा वंशाचा. रुगोसा हा जपान, कोरिया, सैबेरियाच्या किनाऱ्यावरचा गुलाब, म्हणजे थंडीला भिणाऱ्यातला नव्हेच. तुम्ही माझ्यासारख्या गारठ्यात राहत असाल आणि एकच घ्यायचा असेल तर रुगोसातला घ्या.

गुलाबांची हौस मला ॲबर्डीनच्या हेझलहेड पार्कमध्ये लागली. तिथल्या गुलाबबागेत पायपर अल्फा या उत्तर समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवरच्या १६७ मृतांचं स्मारक आहे. ६ जुलै १९८८ ची ती आग. नवरा समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर जाणारा, त्यामुळे आमच्या घरात त्या तारखेला एक वेगळं वजन आहे. दर जुलैत आम्ही जातो. तेव्हा गुलाब ऐन बहरात असतात.

आता पॅकिंग. याला माझे मनापासून गुण आहेत. बाहेर दुहेरी जाड तपकिरी कागदाची लांबट पिशवी, तोंड शिवलेलं. आत प्लास्टिकची पिशवी, त्यात मुळांभोवती ओलसर कागदाच्या चिंध्या. ओलसर म्हणजे पिळून काढलेल्या फडक्याइतक्याच, पाणी गळणाऱ्या नव्हेत. हे महत्त्वाचं आहे, कारण ओलं गच्च असेल तर बुरशी धरते आणि गारठ्यात तेच पाणी मुळांभोवती बर्फ होतं. प्रत्येक झाडाला नावाची पट्टी बांधलेली. सोबत एक पान सूचनांचं, त्यात पहिलीच ओळ ठळक: जमीन गोठलेली किंवा पाणी साचलेलं असेल तर लावू नका. अर्धा गुण कापला तो यासाठी, की आतल्या प्लास्टिकला एकही भोक नव्हतं आणि एका झाडाच्या काडीच्या टोकावर पांढरट बुरशी दिसली. पुसली, गेली.

रोप आल्यावर काय बघायचं ते सांगते, कारण परत पाठवायचं तर लगेच कळवावं लागतं. मूळ वाकवून बघा. वाकलं तर जिवंत, काटकीसारखं कटकन मोडलं तर सुकलेलं, आणि बोटाखाली लिबलिबीत लागलं तर गोठून मेलेलं. काडीची साल नखाने जराशी खरवडा, खाली हिरवं दिसायला हवं. काडीवर सुरकुत्या असतील तर अख्खं झाड रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, बऱ्याचदा सावरतं. एरवी लावण्याआधी दोनेक तास मुळं पाण्यात ठेवली तरी पुरतात. बादलीतच आठवडाभर ठेवू नका, मुळांनाही श्वास लागतो.

वेळापत्रकाची तक्रार अशी. ऑर्डर देताना ‘नोव्हेंबरपासून पुढे’ एवढंच लिहिलेलं असतं. कुठल्या आठवड्यात येणार ते नर्सरी ठरवते, आणि ठरवताना तिकडचं हवामान बघते, आपलं नाही. दक्षिणेत पाऊस आणि दहा अंश म्हणून त्यांनी भराभर शेत उपटलं, आणि आमच्याकडे तेच पार्सल आलं ते नेमकं गारठ्याच्या आदल्या दिवशी. तारीख पुढे ढकलता येते, पण त्याचा पर्याय ऑर्डरच्या पानावर नाही, फोन करून सांगावं लागतं. फोनवर बाईंनी लगेच ‘हो हो, फेब्रुवारीच्या शेवटी पाठवते, काही काळजी करू नका’ म्हटलं, पण तोवर माझं पार्सल निघालेलं होतं. त्यात आमचा पिनकोड एबी३१. नकाशावर आम्ही ॲबर्डीनच्या कुशीत, पण पार्सलवाल्यांच्या यादीत ‘हायलँड्स’, म्हणजे जास्तीचे पैसे आणि जास्तीचे दिवस. आणि पार्सलवाल्याने ते दारात पायरीवर उभं ठेवून, फोटो काढून, बेल न वाजवता पळ काढला. उघड्यावर रात्र काढली असती तर? मी त्या दिवशी घरून काम करत होते म्हणून पार्सल आत आलं.

तर आता जमीन गोठायला आली आहे, बाहेर अंधार आहे आणि दारात तीन झाडं. अशा वेळी पहिला मोह होतो तो घरात घ्यायचा. बिचाऱ्यांना थंडी वाजेल. हे करू नका. उबेत झाडाला वाटतं वसंत आला, डोळे फुटतात, आणि मुळं अजून हवेत. त्यांना हवी असते ती न तापवलेली, पण बर्फ न होणारी जागा. शून्याच्या वर, चार-पाच अंशांपर्यंत. आमचं गॅरेज तसं आहे. बॉयलर ज्या भिंतीला आहे तिच्यापासून दूरच्या कोपऱ्यात, काँक्रीटवर थेट नाही, तर लाकडी फळीवर, पिशवीचं तोंड पुन्हा नीट बंद करून ठेवली. पार्सल बंद ठेवून आठवडाभर आरामात निघतो. तिथेच सफरचंदांच्या पेट्या ठेवत असाल तर झाडं दुसरीकडे न्या. पिकत्या फळातून इथिलीन वायू निघतो, तो झोपलेल्या डोळ्यांना बाधतो.

आणि त्या आठवड्यात आलं आर्वेन वादळ. २०२१, नोव्हेंबरची २६ तारीख. ज्यांना आठवतं त्यांना आठवतं. उत्तर-पूर्वेकडून वारा, आमच्या भागात झाडं काडीसारखी आडवी, आणि वीज गेली ती कित्येक घरांत आठवड्याहून जास्त आली नाही. आम्ही सगळे बैठकीच्या खोलीत रजया गुंडाळून शेगडीभोवती. दुसऱ्या खोल्यांतलं तापमान पाहिलं तर पाच अंश. अख्खं घरच गुलाब साठवायला एकदम योग्य झालेलं. गॅरेजला विजेचं काही सोयरसुतक नव्हतं. झाडं झोपलेली होती, ती झोपलेलीच राहिली. बाहेर अंथरलेली फ्लीस मात्र दुसऱ्या दिवशी तीन घरं सोडून एका बर्च झाडावर फडफडत होती.

फ्लीसबद्दल आता नीट. हे पॉलिप्रॉपिलीनचं पांढरं, विणलेलं न दिसणारं कापड असतं, हवा आणि पाणी जाऊ देणारं. वजनावर विकतात. सतरा ग्रॅम दर चौरस मीटर ही पातळ, भाजीवाल्यांची. तीस ग्रॅम ही जाड, हिवाळ्याची. पाकिटावर ‘उणे अमुकपर्यंत संरक्षण’ असं लिहिलेलं असतं, त्यावर विसंबू नका. मी रात्रीचा नीचांक धरून ठेवणारा डिजिटल थर्मामीटर फ्लीसखाली आणि दुसरा बाहेर, असे ठेवून पाहिलं. पातळ फ्लीसने फरक पडला तो दीड-दोन अंशांचा. जाड फ्लीसने तीन-चार. दुहेरी जाड आणि खाली वाळलेली पानं असली तर अजून थोडा. म्हणजे उणे दोनच्या रात्री पातळ पुरेल. उणे आठच्या रात्री ती नुसती समाधानापुरती. आणि वारा असला तर ती एका हिवाळ्यात चिंध्या होते, मग त्या चिंध्या वर्षभर बागेत सापडत राहतात. प्लास्टिकच आहे ते, कुजत नाही. जाड फ्लीस मी तिसऱ्या हिवाळ्यात वापरते आहे. कडा दगडांनी नाही, मातीत गाडून दाबायच्या. आर्वेनपासून मी तेच करते.

पण फ्लीसचं खरं मर्म माझ्या भावाने फोनवर एका वाक्यात सांगितलं. मी त्याला सांगत होते की झाडांना असं गुंडाळलं, तसं गुंडाळलं. तो म्हणाला, ‘ताई, काडीला कुठे अंगची ऊब असते? ऊब जमिनीत. तुझं कापड जमिनीला टेकलंय का ते बघ.’

दोरीवाल्या तयार पिशव्यांना मी शून्य दिलं ते याचमुळे. दुकानात फार आकर्षक दिसतात. झाडाच्या डोक्यावरून टोपीसारखी घालायची, बुडाशी दोरी ओढायची, झालं. पण दोरी आवळली की पिशवीच्या आत फक्त काड्या आणि हवा. जमिनीतून रात्रभर जी ऊब वर येते ती बाहेरच निसटते. माणसाला कोट घालून फायदा, कारण आत माणूस गरम आहे. काडीला कोट घालून आतली काडी बाहेरच्या हवेइतकीच गार होते, फार तर तासभर उशिरा. वाऱ्यापासून आडोसा मिळतो, तेवढा गुण मान्य. पण ज्या झाडाची मुळं अजून जमिनीत गेलेलीच नाहीत, त्याला ही पिशवी घालणं म्हणजे पैसे वाया. आणि किंमत विचाराल तर एका पिशवीच्या पैशात जाड फ्लीसचा चांगला चार मीटर तुकडा येतो.

हाच नियम उलट लावला की एक मोठी सोय होते, आणि ती कुठल्याच पाकिटावर लिहिलेली नसते. झाड झाकण्यापेक्षा खड्डा झाका. गुलाब येणार हे ऑक्टोबरात माहीत असतं. तेव्हाच जागा खणून, कुजलेलं शेणखत मिसळून, वर पुठ्ठे, त्यावर वाळलेलं गवत किंवा पेंढा आणि वर फ्लीस टाकून ठेवायची. बाकी अंगण लोखंड झालं तरी ती दोन फुटांची जागा फावड्याला नरम लागते. वर एक बादली कोरडी माती गॅरेजात ठेवायची, खड्डा भरायला. गोठलेली ढेकळं खड्ड्यात टाकली तर मुळांमध्ये पोकळ्या राहतात आणि ती ढेकळं विरघळायला दिवस लागतात.

शेजारचे आजोबा, वय वर्षं ऐंशीच्या पुढे, इथल्याच खोऱ्यात माळीकाम करत आयुष्य घालवलेले, ते फ्लीसला हात लावत नाहीत. ते डोंगरउतारावरचा वाळलेला नेचा आणतात. ‘ब्रॅकन’ इथे फुकट, हवा तेवढा. वाळल्यावर तांबडा-तपकिरी, कुरकुरीत होतो, पावसात गच्च चिकटून बसत नाही, आत हवा धरून ठेवतो. पेंढ्यापेक्षा सरस. मी आता फ्लीसखाली तोच घालते. त्यांनी मला फ्लीसच्या बिलाबद्दल विचारलं, मी आकडा सांगितला, ते नुसते हसले.

गॅरेजमध्ये आठवडा गेला, थंडी हटेना, तेव्हा मी काय केलं तेही सांगते, कारण पार्सलमध्ये महिनाभर झाडं ठेवता येत नाहीत. घराच्या दक्षिणेच्या भिंतीलगत, जिथे जमीन सगळ्यात उशिरा गोठते, तिथे दुपारी कुदळीने वरचा पापुद्रा फोडून चर खणला. एक बाजू उभी, दुसरी तिरकी. झाडांची मोळी सोडली, म्हणजे माती प्रत्येक झाडाच्या मुळांत शिरते. मोळी बांधलेलीच पुरली तर मधल्या झाडाच्या मुळांना माती लागतच नाही. तिरक्या बाजूवर झाडं आडवी टेकवली, मुळं आणि डोळा भरलेला सांधा दोन्ही पूर्ण मातीखाली जातील इतकी माती ओढली, पायाने दाबली, पाणी दिलं. ओली माती कोरडीपेक्षा दिवसाची ऊब जास्त धरते आणि रात्री हळूहळू सोडते. पहाटे ठिबक सुरू करणाऱ्या पिंपळगावकरांना हे सांगावं लागत नाही. वर नेचा, त्यावर जाड फ्लीस, कडा गाडलेल्या. अशा चरात झाडं फेब्रुवारीअखेरपर्यंत, डोळे फुगेपर्यंत, बिनधास्त राहतात.

मिनियापोलिसला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, एवढंच? त्यांच्याकडे ‘मिनेसोटा टिप’ म्हणून पद्धत आहे. तिथे लावलेला, वाढलेला नाजूक गुलाबसुद्धा दर शरदात एका बाजूने मुळं सैल करून चरात आडवा झोपवतात, वरून माती आणि पानं, आणि एप्रिलात पुन्हा उभा करतात. उणे तीसमध्ये कुठली फ्लीस पुरणार?

चर खणणं शक्यच नसेल, जमीन पहारीलाही दाद देत नसेल, किंवा तुम्ही फ्लॅटमध्ये राहत असाल, तर मोठा टब घ्या, बुडाला भोकं पाडा, जुनं कुंड्यांतलं कंपोस्ट किंवा ओलसर वाळू भरा आणि त्यात झाडं तशीच तिरकी पुरून टब गॅरेजात किंवा बंद पोर्चमध्ये ठेवा. इथे बबल रॅप कामाला येतो. टबाभोवती दोन वेढे. उघड्या मुळांभोवती मात्र तो नको. आत घाम धरतो, मुळं कुजतात.

गोणपाट राहिला. इथे ‘हेशियन’ म्हणून बागेच्या दुकानात गुंडाळी मिळते, आणि आपल्या बाजार समितीतल्या बारदानाची किंमत माहीत असलेल्या माणसाला तिचा भाव ऐकून चक्कर येते. दुकानदाराला म्हटलं, हे आमच्याकडे कांद्याला वापरतात. आमच्या दक्षिणेला तासा-दीड तासावर डंडी आहे. बंगालचा ताग जहाजांनी तिथे यायचा, व्हेलच्या तेलात मऊ करून विणला जायचा, आणि अर्ध्या जगाची पोती तिथून जायची. आता गिरण्यांचे फ्लॅट झालेत आणि गोणपाट पुन्हा बंगालातूनच येतो. गुण विचाराल तर वारा अडवायला उत्तम, टिकाऊ, आणि शेवटी कंपोस्टात कुजतो, हे फ्लीसपेक्षा मोठं सुख. पण भिजला की जड होतो, आणि भिजून गोठला की पत्र्यासारखा ताठ. म्हणून जमिनीवर पसरायला नको. खुंट्या ठोकून वाऱ्याच्या बाजूने उभा ताणा. झाडं बादलीतून खड्ड्यापर्यंत नेताना मुळांवर ओला तुकडा टाकायलाही छान. पाच मिनिटांच्या कोरड्या पूर्ववाऱ्यातसुद्धा बारीक मुळं सुकतात, हे कुणी सांगत नाही.

तिन्ही झाडं मार्चच्या सुरुवातीला कायमच्या जागी गेली. सांधा दोनेक इंच मातीखाली ठेवला, आमच्या थंडीत तसाच ठेवावा लागतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा रात्री गारठा पडला, जमीन फुगली आणि ‘ग्रॅहॅम थॉमस’ बोटभर वर उचलला गेला. नवीन लावलेल्या झाडाला हे होतंच. बर्फ विरघळल्यावर बुडाशी पायाने घट्ट दाबून घ्यायचं. उन्हाळ्यात तिन्ही फुलले. ‘रोझरे द ले’ सगळ्यात आधी, ‘ग्रॅहॅम थॉमस’ने जरा नखरे केले, आणि ‘सिल्व्हर ज्युबिली’ने ऑक्टोबरपर्यंत दम काढला.

त्याच नर्सरीकडे मी पुन्हा मागवलेत. या वेळी ऑर्डर दिल्या दिवशीच फोन केला आणि ‘फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्याआधी पाठवू नका, दारात ठेवू नका, बेल वाजवा’ असं लिहून घ्यायला लावलं. फेब्रुवारीपर्यंत काही जाती संपतात, तेव्हा ऑर्डर सप्टेंबरातच द्या, फक्त पाठवण्याची तारीख लांबवा. पैसे पाठवताना कापले जातात, ऑर्डरच्या दिवशी नाही. निदान या नर्सरीत तरी.